दोन खुर्च्यांचा दरवाजा

सावई-वेऱ्यात, देवळाच्या अग्रशाळेत
रात्री साडेनऊनंतर तालीम.
दरवाजा अजून च्यारीकडे रंधा खातोय,
तोवर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या,
मध्ये हातभर जागा: हा उंबरठा.
अकरा वर्षांनी मुलगा परत येतो
आणि बाप एकच शब्द बोलतो,
"जेवलास?"

संहितेत एवढंच. पुढे कंसात, शांतता.
लिहिणाऱ्याचं काय जातं कंस टाकायला.

बाप म्हणजे फटू गावकर.
दिवसा मांडवीत, बार्जवर.
खनिजाची तांबडी माती त्याच्या नखांतून
रंग लावला तरी जात नाही.
मी म्हटलं, फटू, रागाने विचार.
त्याने असं विचारलं
की पायरीवर झोपलेलं कुत्रं उठून गेलं.
म्हटलं, आता रडवेला.
रडणं त्याला छानच जमतं,
गेल्या साली त्यावर ढाल मिळालीय,
म्हणून तर ते नको.
पाठमोरा विचार.
सुपारी कातरता कातरता विचार.
मुलाकडे बघूच नकोस, त्याच्या चपलांना विचार.
हे बरं वाटलं, वहीत टिपून ठेवलं.
सकाळी शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं
तर भलतंच नाटकी.

"बाई, मी नुसताच उभा राहू?"
मुलगा झालेला अनिकेत विचारतो, वीज खात्यातला.
राहा. पण जेवून आल्यासारखा.
"काल तुम्ही उपाशी म्हणालात."
काल काल होतं.

नवसोकाका चाळीस वर्षं विंगेतून शब्द पुरवतात,
पुस्तकात न बघता.
म्हणाले, पूर्वी बापाला एवढे विचार नसत.
बाप पुढे येई, उजेडात उभा राही आणि विचारी.
शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू गेलं की झालं.
तेही करून पाहिलं.
म्हातारीला ऐकू गेलं असतं,
मुलाला नाही.

मग दार आलं. फणसाचं, कडीकोयंड्यासकट,
चौघांनी उचलून आणलं, नारळ फोडला.
फटूने कडी काढली, दार करकरलं,
"जेवलास?"
आणि वाटलं, बाहेर पोदेर उभा आहे,
हा त्याला किती पाव ते सांगतोय.
अर्धं उघडून बघितलं. बंद ठेवून, आतून.
दारच सगळं बोलून टाकत होतं.
मी ते काढायला लावलं.
च्यारी महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

एका रात्री फटू उशिरा आला, दोन पाळ्या करून,
थेट खुर्च्यांपाशी उभा राहिला
आणि तोंडातून घरचंच गेलं,
"जेवलो रे तूं?"
सगळे हसले. त्याने जीभ चावली.
मी हसले नाही.
म्हटलं, परत एकदा, अगदी तसंच.
त्याने केलं. मग आणखी चार वेळा केलं.
दर वेळी जास्त सुंदर,
दर वेळी थोडं कमी.
शेवटी मीच म्हटलं, राहू दे, मराठीच बोल.

जत्रेच्या रात्री दीड वाजता तो प्रवेश आला.
मुलगा उंबरठ्यात. बाप समोर.
फटू गप्प.
नवसोकाकांनी शब्द दिला. पुन्हा दिला.
मी विंगेतला पडदा मुठीत धरलेला.
फटूने दरवाजाची एक बाजू उचलली,
म्हणजे खुर्ची,
पुढे आणून मांडली,
वरची धूळ पंचाने झटकली
आणि मुलाकडे सरकवली.
आता दरवाजाच उरला नाही.
अनिकेतला कळेना कुठून आत यायचं.

पुढून कुणी बाई मोठ्याने म्हणाली,
"वाडात रे ताका शीत!"
मंडपात कोणी हसलं, कोणी नाही.

ते बरोबर होतं का, मला अजून सांगता येत नाही.
पुढचा अख्खा प्रवेश एका खुर्चीने लंगडत गेला.
रंगपटात फटू खोबरेल तेलाने तोंड पुसत होता.
विचारलं, हे कधी सुचलं तुला?
म्हणाला, "सुचलं कसलं बाई, पाय दुखत होते.
बसायला मीच घेतली होती खुर्ची.
मग हा उभा दिसला."